मुलाच्या रक्ताच्या दोन नळ्या जास्तीच्या घेतल्या. सही माझी आहे, पण विचारलं कोणीच नाही

कमालचौक (प्रश्न)

नमस्कार. मी सीताबर्डीला एका डीटीपीच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, शपथपत्रं, सरकारी अर्ज, पोरांचे थिसिस, जे येईल ते टाइप करते. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका शोधते आणि माझ्याच मुलाचा कागद न वाचता सही करून बसले. आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे. थोडं लांब होईल.

मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. त्याला सिकलसेल आहे, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, एसएस पॅटर्न. आम्ही दोघं नवराबायको एएस. हे आम्हाला तो अडीच वर्षांचा असताना कळलं, लग्नाआधी कोणी तपासायला सांगितलं नव्हतं. थोरली मुलगी एएस आहे. उत्तर नागपुरात हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत, आमच्या एका गल्लीतच चार घरांत हा आजार आहे. बाहेरच्यांसाठी सांगते: एएस म्हणजे वाहक, त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. एसएस म्हणजे आजार. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला की हाडं दुखायला लागतात, आणि ते दुखणं आईला बघवत नाही.

डिसेंबरात थंडी वाढली तेव्हा रात्री दोनला त्याला क्रायसिस आली, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका. मांड्या आणि पाठ. स्कूटरवर बसवणं शक्य नव्हतं, शेजारच्या भाऊंनी ऑटो काढला. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही. तिथल्या सिस्टरांनी माझ्या लेकराला अनेकदा सांभाळलं आहे आणि मला तिथे भांडायला जायचं नाही. भरती करताना कागदांचा गठ्ठा पुढे आला. "इथे, इथे आणि इथे सही करा." मुलगा माझा हात घट्ट धरून ओरडत होता, मी डाव्या हाताने कागद दाबून उजव्याने सह्या केल्या. पाच की सहा, आठवतही नाही. मग त्याचं रक्त घेतलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "आई, त्या दिवशी जांभळ्या टोपणाच्या तीन नळ्या का घेतल्या? नेहमी तर एकच असते." मी म्हटलं, असेल काही मोठी तपासणी. पण त्याला नळ्यांचे रंग माझ्यापेक्षा जास्त कळतात. अडीच वर्षांचा असल्यापासून हात पुढे करतो आहे. तो म्हणाला, "रिपोर्ट तर तेवढेच आले."

सरकारी योजनेच्या कामासाठी लागतात म्हणून आम्ही प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. रात्री ते फोटो मोठे करून एकेक वाचले. चौथा कागद इंग्रजीत होता, भरतीचा नव्हता. सिकलसेलच्या अभ्यासासाठी रक्ताचा नमुना घ्यायला, त्यातून डीएनए काढायला आणि उरलेला "भविष्यातील संशोधनासाठी" साठवायला माझी परवानगी आहे, असं त्यात होतं. खाली माझी सही. साक्षीदाराच्या जागी एक सही आहे, ती कोणाची ते मला माहीत नाही, माझ्याजवळ तर तेव्हा कोणी उभं नव्हतं. त्याची प्रत मला दिलेली नाही.

मी मुलाला खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "माझं रक्त होतं ना? मग मला काहून नाही विचारलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून इथे विचारते. ही सही खरी धरली जाते का? ते रक्त वापरू नका असं आता सांगता येतं का? त्यातून थोरलीचं काही बाहेर येईल का? दोन वर्षांत तिच्या लग्नाचं बघायचं आहे. आम्ही ते लपवणार नाही, पण सांगायचं की नाही ते तिने ठरवावं. आणि सगळ्यात मोठी भीती ही की विचारायला गेले आणि पुढच्या तारखेला माझ्या मुलाकडे कोणी वेगळ्या नजरेने बघितलं तर?

संशोधनाला माझा विरोध नाही. या आजारावर आणखी चांगलं औषध निघावं असं माझ्याइतकं कोणाला वाटत असेल? त्यांनी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आधीच हो म्हणणार होते म्हणून विचारायची गरज नव्हती, असं होत नाही ना?

वर्धारोड

ताई, तुमचा त्रास समजतो. पण दोन नळ्या म्हणजे पाच-सहा मिली, चमचाभर रक्त. वेगळी सुईही टोचली नाही. भारतात सिकलसेल सौम्य असतो असं बरीच वर्षं धरून चालले होते. विदर्भातल्या रुग्णांच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या तेव्हा कळलं की ते तितकं सरळ नाही. ते कळलं ते अशाच कोणाच्या तरी रक्तातून. प्रत्येकाला बसवून समजावत राहिले तर संशोधन कधी होणार? उद्या औषध निघालं तर फायदा तुमच्याच मुलाला आहे. माझ्या मते सोडून द्या.

निवृत्त लॅबवाला

ताई, मी एकतीस वर्षं रक्त काढलं. आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण प्रश्न त्याने बरोबर विचारला.

जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, त्याने रक्त गोठत नाही. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्यातूनच होतो, सिकलसेलचा पॅटर्न सांगणारी एचपीएलसी तपासणीही त्यातूनच, आणि दोन्हीला मिळून एक नळी पुरते. पांढऱ्या पेशींतून डीएनए काढायचा असला तरी हीच नळी लागते. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. कोणती नळी तपासणीची आणि कोणती अभ्यासाची, हे फक्त लेबल चिकटवणाऱ्याला माहीत असतं. अभ्यासाची नळी मग उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जाते आणि तिथे वर्षानुवर्षं राहू शकते.

आमच्याकडे काय व्हायचं ते सांगतो. एखाद्या विभागातून चिठ्ठी यायची, अमुक आजाराचा पेशंट आला की दोन जास्त काढून ठेवा. संमती वॉर्डात घेतली असेल असं मी धरायचो. वॉर्डातले धरायचे की रक्त काढताना लॅबवाले सांगतील. मधल्या मधे पेशंटला कोणीच सांगायचं नाही. मुद्दाम फसवणारा माणूस मी एखादाच पाहिला असेल. असं होऊन जायचं.

एक गोष्ट मला अजून टोचते. शिवनीकडची एक बाई होती, मध्य प्रदेशातली. सोबत लहान पोरगी. बाईने विचारलं, "भैया, इतना काहे निकाल रहे हो?" मी म्हटलं, "बडी जांच है." तिने हात जोडले. मोठी तपासणी करून राहिले म्हणून तिला माझे उपकार वाटले. तपासणी नव्हतीच ती. मी खोटं बोललो, आणि ती रिपोर्टची वाट बघत राहिली असेल, जो कधी येणारच नव्हता.

वर्धारोडवाल्या भाऊंना एवढंच म्हणतो, चमचा मोजू नका. त्या बाईचे हात डोळ्यापुढे आणा.

महालचा वाडा

शहरातल्या एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीवर, मी सहा वर्षं सामान्य नागरिक म्हणून बसलो. डॉक्टर नाही, वकीलही नाही, पेशाने शिक्षक. नियमानुसार कमिटीत माझ्यासारखा एक बाहेरचा माणूस लागतोच. अध्यक्षही संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि निम्मे तरी सभासद संस्थेशी संबंध नसलेले. तुमच्या कागदावर तुमच्या दवाखान्यातल्या अशा कमिटीच्या सदस्य-सचिवांचं नाव आणि फोन छापलेला असायला हवा. फोटो पुन्हा मोठा करून शेवटचा परिच्छेद बघा.

आता तुमचे प्रश्न, मला जसे महत्त्वाचे वाटले त्या क्रमाने.

आधी मुलाचा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मुलांवरच्या संशोधनासाठी त्याच वर्षी वेगळी पुस्तिकाही काढली. त्यात स्पष्ट आहे: सात ते बारा वयाच्या मुलाला तोंडी विचारायचं, आईवडिलांसमोर. बारा ते अठरा वयाच्या मुलाचा होकार लेखी घ्यायचा, त्याला कळेल अशा भाषेत लिहिलेल्या वेगळ्या कागदावर. आईवडिलांची सही त्याशिवाय, त्याच्या जागी नाही. आणि अभ्यास चालू असताना मूल अठराचं झालं तर पुन्हा त्याची स्वतःची संमती घ्यायची. म्हणजे "मला काहून नाही विचारलं" हे तुमच्या मुलाला जे वाटलं, ते पुस्तिकेत छापलेलं आहे. त्याला हे नक्की सांगा.

सहीचं. कोर्टात ती टिकेल की नाही हे वकील सांगतील. पण संमती म्हणजे सही नव्हे, हे कमिटीत पहिल्या दिवशी शिकवतात. समजेल त्या भाषेत सांगणं, विचार करायला वेळ देणं, प्रश्न विचारू देणं, नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही हे सांगणं, आणि मग सही. मूल वेदनेने ओरडत असताना आईसमोर भरतीच्या कागदांत घालून दिलेला कागद यातल्या एकाही पायरीवर बसत नाही. साक्षीदार ही पद्धत मुख्यतः ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आहे. समजावून सांगताना तो तिथे हजर हवा आणि अभ्यासाशी त्याचा संबंध नको. नंतर कोणीतरी येऊन मारलेली सही ही साक्ष होत नाही. प्रत तुम्हाला मिळायलाच हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात म्हटलं होतं की एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू धरता येत नाही. तो खटला उपचाराचा होता, संशोधनाचा नव्हता, तरी मला इथेही तोच विचार लागू वाटतो. मुलाला बरं करा म्हणून तुम्ही सही केलीत.

उरलेल्या रक्ताबद्दल लोक गल्लत करतात, म्हणून हेही सांगतो. तपासणी होऊन नळीत उरलेलं रक्त, जे एरवी फेकलंच गेलं असतं, ते नाव पुसून अभ्यासाला वापरायचं असेल तर पुन्हा संमती घेण्यापासून सूट मिळू शकते. ती सूट एथिक्स कमिटी देते, प्रकरण बघून. डॉक्टर स्वतःच स्वतःला देऊ शकत नाही. तुमच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. अभ्यासासाठी म्हणून वेगळ्या नळ्या भरल्या, ते उरलेलं रक्त नव्हे.

परत मागण्याचं. बाहेर पडायचा हक्क तुम्हाला कधीही आहे, कारण सांगावं लागत नाही. नमुना सापडेल का, हे तो कसा ठेवला त्यावर आहे. नळीवर नावाऐवजी क्रमांक असेल आणि क्रमांक कोणाचा त्याची यादी कुलपात असेल, तर तो शोधून नष्ट करता येतो. यादीच फाडून टाकली असेल, तर त्या फ्रीजरमध्ये तुमच्या मुलाची नळी कोणती हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून उशीर करू नका.

थोरलीचं. भावाच्या रक्तावरून तिचा पॅटर्न निघत नाही. तुम्हा दोघांकडे तो दोष आहे एवढं निघतं, कारण एसएसला एक-एक एस दोघांकडूनही येतो. नाव-पत्ता उघड होणार नाही ही जबाबदारी अभ्यास करणाऱ्यांची.

पण नाव पुसलं की झालं, असंही मी मानत नाही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात आहे. 1990 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्यांचं रक्त घेतलं, मधुमेहाचा अभ्यास म्हणून. त्यांच्यात मधुमेह फार होता, म्हणून त्यांनी खुशीने दिलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियासाठी, जवळच्या नात्यातल्या लग्नांसाठी, त्यांचे पूर्वज कुठून आले यासाठी वापरलं गेलं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते त्या दरीतलेच. कोणाचं नाव कुठे छापलं नव्हतं, पण जमातीचं होतं. 2010 मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. सिकलसेलही आपल्याकडे काही समाजांत जास्त आहे. उद्या "भविष्यातील संशोधन" या दोन शब्दांत काय काय बसवतील, हे विचारायचा हक्क तुमच्या अख्ख्या गल्लीला आहे.

काय करायचं: सदस्य-सचिवांना साध्या मराठीत एक पानाचा अर्ज. तक्रार म्हणा किंवा विचारणा. पोच घ्या. नमुना कुठे आहे, क्रमांक-यादी आहे का, कोणत्या अभ्यासासाठी, बाहेर कुठे पाठवला का. परदेशी संस्था सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी आहे का, हेही. आणि मुलाला सोबत न्या.

वेगळ्या नजरेची भीती मी खोटी म्हणणार नाही. ती असते. पण कमिटीकडे गेलेला कागद नोंदला जातो, आणि नोंदलेल्या कागदाने माणसं जपून वागतात.

कमालचौक

महालच्या काका, शेवटचा परिच्छेद सापडला. फोन नंबर आहे. पुढे कळवते. मुलाला पुस्तिकेचं सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "लेखी? माझी सही?"

वर्धारोडच्या दादांना एक सांगते. नवीन औषध निघालंच आहे. 2023 च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत जनुक बदलणाऱ्या उपचाराला मंजुरी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. मुलाने मोबाइलवर वाचून मला सांगितलं आणि रुपये मोजायला बसला. माझा मुलगा रोज हायड्रॉक्सीयुरियाची गोळी घेतो, आणि ती वेळेवर मिळाली तरी आम्ही समाधानी असतो. फायदा आमच्यापर्यंत कसा आणि कधी येणार, हेसुद्धा रक्त घेताना सांगायच्या गोष्टींपैकी एक आहे ना?

रात्रपाळी

मी पॅथॉलॉजीत एमडी करतो आहे. कुठे ते लिहीत नाही. हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको करत होतो.

ताई, त्या कागदावर तुमची सही घेणारा बहुधा माझ्यासारखा कोणीतरी होता. एमडीला थिसिस सक्तीचा आहे. ठरलेल्या मुदतीत ठरलेले नमुने जमवावे लागतात, आणि सिकलसेलचा क्रायसिसमधला पेशंट आपल्या सोयीने येत नाही, रात्री दोनलाच येतो. तेव्हा वॉर्डात एक रेसिडेंट, आठ भरत्या. संमती घ्यायची कशी हे आम्हाला शिकवलेलं असतं, परीक्षेत लिहितोही. हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट सांगतात. 1951 साली बाल्टिमोरच्या दवाखान्यात तिच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी घेतल्या, तिला न विचारता. त्या अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात, आणि घरच्यांना वीसेक वर्षांनी कळलं. आम्ही ती गोष्ट अमेरिकेतली, जुनी म्हणून ऐकतो आणि सकाळी वॉर्डात जाऊन गठ्ठ्यात कागद घालतो.

हे समर्थन नाही. मी स्वतः सात पेशंटच्या बाबतीत असं केलं आहे. हा धागा वाचल्यावर त्यातले चार फॉलोअपला आले तेव्हा बसवून सगळं सांगितलं. तिघांनी हो म्हटलं. एका आजोबांनी नाही म्हटलं, त्यांची नळी गाइडना सांगून बाजूला काढली. उरलेल्या तिघांना फोन करतो आहे, एक लागत नाही.

एक सुचवतो. क्रायसिसमध्ये संमती घेऊच नये. तपासणीचं रक्त घ्या, दुखणं उतरू द्या. अभ्यासाला क्रायसिसमधलाच नमुना हवा असेल तर याच मुलांना आधी, बरं असताना, ओपीडीत विचारून ठेवता येतं. ती दर महिन्याला येतातच. हे मी आमच्या गाइडना सांगितलं. ते म्हणाले, कमिटीला लिहून दे. लिहितो आहे.

निवृत्त लॅबवाला

डॉक्टर, तो तिसरा फोन लागेपर्यंत लावत राहा.

कमालचौक

जाऊन आलो. सोमवारी मुलाला शाळेतून अर्धी सुट्टी घेतली, अर्ज रविवारीच टाइप केला होता. सदस्य-सचिव मॅडमनी आधी आम्हाला बसायला सांगितलं आणि मग अर्ज वाचला. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मी थरथरत होते, पण आवाज चढला नाही, माझाही नाही आणि त्यांचाही नाही.

नळ्यांवर क्रमांक आहे, यादी कुलपात आहे. डीएनए अजून काढलेला नाही. बाहेर कुठे पाठवलेलं नाही, परदेशी कोणी सोबत नाही. साक्षीदाराच्या सहीवर डॉक्टर काही बोलले नाहीत, मॅडमनी ते लिहून घेतलं. मग मॅडमनी अभ्यासाची फाइल मागवली. त्यात मराठी कागद होता! कमिटीने मंजूर केलेला, शिक्का मारलेला. मुलांच्या होकाराचाही वेगळा होता. वॉर्डात इंग्रजीचाच गठ्ठा गेला, आणि मराठी कागद वर्षभर फाइलमध्ये पडून होता. मला तेव्हा रागापेक्षा रडू जास्त आलं.

मुलाची डॉक्टरांनी माफी मागितली, सरळ त्याच्याकडे बघून. पुन्हा विचारतो, तुला पटेल तेच सांग, म्हणाले. मुलाने तिथेच तो मराठी कागद वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीवर अडला. "अपरिवर्तनीय अनामीकरण म्हणजे काय?" डॉक्टरांनी सांगितलं, नाव कायमचं पुसायचं, पुन्हा जुळवता येणार नाही असं. तो म्हणाला, "मग माझं पुसू नका. अठराचा झालो की मला पुन्हा विचारायचं आहे ना तुम्हाला? सापडलो पाहिजे मी."

त्याने या अभ्यासाला हो म्हटलं. साठवण्याला फक्त सिकलसेलच्या अभ्यासापुरतं हो, दुसऱ्या कशाला नाही. मॅडम म्हणाल्या, असं टप्प्याटप्प्याने हो-नाही म्हणता येतं, तशा चौकटी कागदावर असायला हव्या होत्या. तोवर दोन्ही नळ्या बाजूला ठेवल्या आहेत, नवीन कागद मंजूर होईपर्यंत कोणी हात लावणार नाही, असं लेखी मिळालं आहे. शेवटी त्याने विचारलं की अभ्यासातून जे निघेल ते मला सांगाल का. डॉक्टर हो म्हणाले. तेही मी अर्जाच्या मागे लिहून घेतलं.

निघताना मी मॅडमना सांगितलं की हा कागद सोप्या मराठीत मी लिहून देते, टाइप करून, पैसे नकोत. त्या म्हणाल्या, कच्चा मसुदा द्या, पण वापरायच्या आधी तो कमिटीपुढे जाईल. ते बरोबरच आहे. ज्यांना मराठीही येत नाही, शिवनीकडच्या त्या बाईसारखे, त्यांच्यासाठी हिंदीही करून द्यायचं आहे. हिंदी तपासायला कोणी असेल तर सांगा.

रोज दुकान बंद झाल्यावर अर्धा तास बसते. "जैविक सामग्री" काढून "रक्ताचा नमुना" केलं. "सहा मिली" च्या पुढे "एका चहाच्या चमच्यापेक्षा थोडं जास्त" लिहिलं. "आपण कोणत्याही क्षणी सहभाग काढून घेऊ शकता" याचं "कधीही नाही म्हणता येईल, उपचार तसेच चालू राहतील" केलं आणि ते शेवटून उचलून सगळ्यात वर आणलं. मुलांच्या कागदाचं नाव "बालकाची अनुमती" होतं, ते "मुलाचा होकार" केलं. काल मुलगा दुकानात आला होता, मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "आई, नावातच होकार लिहिलं तर नाही म्हणणाऱ्याने सही कुठे करायची?"

महालचे काका, याला काय नाव द्यावं? सध्या "मुलाचं उत्तर" लिहून ठेवलं आहे. खाली दोन चौकटी, सारख्याच मापाच्या.